गाडी वळायची जागा

"एवढे कप लागणार म्हणून कालच कुणी बोललं असतं, तर मी मागून तरी आणले असते," घरातली मधली सून फळीवरच्या कपांना म्हणाली.

माणसांना म्हणायची सोय नव्हती. माणसं सकाळीच आपापल्या गाड्यांतून उतरली होती, आणि घरचीच असली तरी वर्षातून एकदा उगवणारी, म्हणजे पाहुणीच. कपांना कान असतात पण ते चुगली करत नाहीत, हा मधलीचा जुना अनुभव.

"कुणाशी बोलतेस गं?" तिची थोरली जाऊ दारात उभी होती.

"कपांशी, जाऊबाई."

"बरं आहे. माझ्याकडचे उलट बोलतात." थोरलीने पदर खोचला आणि न विचारताच कप पुसायला घेतले. "आणि मागून कुणाकडून आणणार होतीस? ह्या बाजूला कुलूप, त्या बाजूला कुलूप."

"कुलपं आहेत, पण किल्ल्या माझ्याकडेच आहेत की. ह्या बाजूच्यांचे निळे कप आहेत, सहा. चांगले आहेत."

स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्यांची एक रांग होती आणि प्रत्येक खिळ्याला एक किल्ली. दगडाची खाण बंद पडल्यापासून गावातला जो जो घर सोडून गेला, तो तो जाताना मधलीच्या हातात किल्ली ठेवून गेला. "येतोच आम्ही," असंही म्हणून गेला. मधली महिन्यातून एकदा ती दारं उघडायची, वारा खेळवायची, एखादं कौल सरकलं असलं तर कळवायची. खिळे वाढत गेले तशी गावातली माणसं कमी होत गेली, आणि आता प्रकरण गाडीवर आलं होतं.

गाडी म्हणजे बस. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक. खात्याचं म्हणणं असं, की एवढ्याशा गावासाठी फाट्यापासून आत यायचं परवडत नाही; गाडी फाट्यावरूनच परत फिरेल, गावकऱ्यांनी तिथवर चालत यावं. फाटा म्हणजे घाटाची चढण, मध्ये ओढा, आणि चालणारी माणसं म्हणाल तर सगळी गुडघ्यांवर हात ठेवून उठणारी. म्हणून आज खात्याचे एक साहेब दुपारच्या गाडीने पाहणीला यायचे होते. गावात माणसं खरंच राहतात का, हे बघायला.

"तुझ्यासाठी म्हणून सगळी धावत आलो आम्ही," थोरली कप उजेडात धरून म्हणाली. "हे तर रात्री झोपले नाहीत. गाडी बंद झाली तर मधलीने कामाला कसं जायचं, एवढंच घोकत होते."

"हो ना," मधली म्हणाली.

"तू काळजी करू नकोस."

"नाही करत."

तिने किटलीत पाणी मोजून घातलं आणि काळजी केली. शहरातल्या चष्म्याच्या दुकानामागच्या छोट्या कारखान्यात ती काचा घासायची. गोल काच फ्रेमच्या मापाची करायची, कडा मऊ करायची, बसवायची. हात असा बसला होता, की अवघड नंबर आला की चष्मेवाला बाकीच्या दोघांना डावलून तिच्याच पुढ्यात टाकायचा. पण संध्याकाळची गाडी पकडायची म्हणजे हातातलं काम अर्धं टाकून उठायचं, आणि उठणाऱ्या बाईला कारखान्याची मुख्य करता येत नाही. गेल्या महिन्यात चष्मेवाल्याने सरळच विचारलं होतं. दुकानावरची खोली रिकामी होते आहे. राहायला या, कारखाना तुम्हीच बघा. मधली म्हणाली होती, घरी विचारून सांगते. घरी म्हणजे कुणाला, हे त्यानेही विचारलं नाही आणि तिलाही ठाऊक नव्हतं. शेवटी तिने नणंदेला फोन केला होता. नणंद म्हणाली होती, "छानच आहे गं. पण आधी गाडीचं होऊ दे, मग बघू."

म्हणजे आज.

*

तिकडे गल्लीच्या टोकाला थोरलीचा नवरा, म्हणजे थोरला, परक्याच्या अंगणात स्वतःचे ओले शर्ट वाळत घालत होता.

ही कल्पना ताईची. ताई म्हणजे मधलीची नणंद, मोठ्या इस्पितळात मुख्य परिचारिका. शंभर खाटांचा मजला चालवणाऱ्या बाईला एक गाव चालवणं काय जड? सकाळी आल्या आल्या तिने दारामागच्या किल्ल्यांकडे पाहिलं आणि फर्मान काढलं, की कुलपं काढा, खिडक्या उघडा, दोरीवर कपडे घाला. दोरीवर कपडे दिसले की घरात माणूस आहे असं कुणीही धरून चालतं. कपडे कुणाचे, तर थोरला आठ दिवसांची बॅग घेऊन आला होता. त्याचे सगळे शर्ट बादलीत बुडवले गेले. राहायचा बेत एकाच रात्रीचा होता हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. बॅग मोठी दिसली की मधलीला बरं वाटेल, एवढाच हेतू.

"तो पट्ट्यांचा इकडे नको, तिकडच्या घरी दे," ताई म्हणाली. "एकसारखे शेजारी शेजारी नकोत."

"सगळेच पट्ट्यांचे आहेत. तुझी वहिनी घाऊक आणते."

"देवा."

"ताई, हे मला जमणार नाही. साहेबाच्या तोंडावर 'मी इथेच राहतो' असं कसं म्हणू? माझ्या गाडीवर शहराचा नंबर आहे."

"मग तू बोलू नकोस, नुसता उभा राहा. तू उभा राहिलास की इथलाच वाटतोस. नानांसारखा उभा राहतोस."

थोरल्याला हे ऐकून बरं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं. तो ह्याच अंगणात चोर-शिपाई खेळला होता. कुणाचं घर हे, आठवायला त्याला किल्लीला बांधलेली चिठ्ठी बघावी लागली होती.

"ऐक," तो चिमटा लावत म्हणाला, "मधलीने तिकडे खोली बघितली आहे असं काहीतरी कानावर आलं. तुला काही बोलली?"

ताईने ओली बाही पिळली. त्यात पाणी उरलं नव्हतं, तरी पिळली.

"मला कशाला बोलेल?"

"नाही, म्हणजे... गेली तर नानांचं..."

"गाडी राहिली तर ती कशाला जाईल?"

"तेच म्हणतो मी."

"झालं तर मग."

दोघं भावंडं शर्टाच्या दोन बाजूंना उभी होती आणि शर्ट मध्ये होता, हे दोघांनाही सोयीचं होतं. थोरल्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि वडिलांचं, म्हणजे नानांचं, खुब्याचं हाड एकदा मोडून जोडलेलं. ताईच्या घरी तिघांच्या तीन पाळ्या; दिवसातला अर्धा वेळ घरात कुणीच नाही. दोघांचंही नानांवर प्रेम होतं. त्यात खोट काढायला जागा नव्हती. जागेचाच तर सगळा प्रश्न होता.

*

नाना पुढच्या खोलीत खिडकीशी बसले होते. आयुष्यभर ते हीच गाडी चालवत आले. निवृत्त झाल्यावर त्यांनी खुर्ची अशी मांडून घेतली, की घाट उतरणारी गाडी पहिल्या वळणापासून दिसावी.

मधली चष्मा घेऊन आली. दर दोन दिवसांनी ती त्याची दांडी कानामागे नीट बसवायची. नानांचा एक कान दुसऱ्याहून वर होता आणि हे जगात दोघांनाच माहीत होतं.

"पोरी, आज माझी दाढी ताईने केली. इस्पितळात करतात तशी. मला वाटलं, आता ऑपरेशनला नेते की काय."

"चांगली झाली आहे."

"सगळी एकदम आली की मला धास्ती वाटते. मधल्याच्या वेळी अशीच आली होती." ते थांबले. मधला, तिचा नवरा, तापाचं निमित्त होऊन गेला तेव्हा अंगण असंच भरलं होतं. "कुणी काही बोलत नाही ना माझ्यामागे?"

"तुमच्यामागे काय बोलायचं?"

"तेच म्हणतो. पुढ्यातही कुणी बोलत नाही." त्यांनी चष्मा लावला, बाहेर पाहिलं आणि एकदम काठीला हात घातला. "अगं! गाड्या कुणी लावल्या त्या?"

गावचा रस्ता त्यांच्या अंगणाशी संपतो. नानांच्या वडिलांनी गाडी पहिल्यांदा गावात आली तेव्हा अंगणाची भिंत स्वतः पाडून कोपरा मोकळा करून दिला, कारण एवढी लांब गाडी वळेल अशी गावात दुसरी जागा नव्हती. तेव्हापासून त्या कोपऱ्यात घरातल्या कुणी कधी बादलीसुद्धा ठेवली नाही. आज तिथे थोरल्याची मोटार होती आणि तिला खेटून ताईची.

आणि घाटाच्या पहिल्या वळणावर गाडीने हॉर्न दिला.

पुढचं सगळं फार भराभर झालं, आणि कुणालाही अभिमान वाटावा असं झालं नाही. ताईने आपली मोटार काढली ती थेट गावातच राहिलेल्या म्हाताऱ्या मास्तरांच्या फुलझाडांत. थोरल्याने किल्ली फिरवली. मोटारीने एक खोकला काढला आणि ती गप्प झाली. सकाळपासून थोरली त्या मोटारीत फोन चार्ज करायला लावून दार उघडं ठेवून गेली होती, आणि नवऱ्याने त्यावर मोटारीतला पंखाही चालू ठेवला होता. बॅटरी बसली होती. तेवढ्यात बस अंगणाच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. पुढे मोटार, मागे घाट.

बसमधून ड्रायव्हर उतरला, कंडक्टर उतरला आणि बगलेत पिशवी धरलेले एक टक्कल पडलेले गृहस्थ उतरले. तेवढेच. गावाला गाडी किती लागते हे दाखवायला जमलेलं सगळं कुटुंब आपापल्या मोटारीने आलं होतं आणि गाडीतून आले होते एकटे साहेब.

"नाना, वळायची जागा कुणाला भाड्याने दिली का?" ड्रायव्हर ओरडला. तो नानांच्याच हाताखाली शिकलेला.

"माझ्या पोरांनी फुकट घेतली!" नाना काठी टेकत बाहेर आले. "न्यूट्रलला टाका. ढकला आता."

ढकलायची जागा चढाची. थोरला, ड्रायव्हर, कंडक्टर मागे लागले. मोटार हातभर गेली आणि परत आली.

"माणसं बोलवा गं," नाना म्हणाले.

ताई गल्लीत धावली. सहा उघड्या दारांसमोरून गेली, सहा दोऱ्यांवर पट्ट्यांचे शर्ट हलत होते, आणि आत हाक मारायला कुणी नव्हतं. दारं तिनेच उघडली होती, तरी एका दारापाशी ती सवयीने "अहो" म्हणाली. शेवटी मास्तर आणि मास्तरीणबाई आल्या, मागून सुईण आली. मास्तरांनी मोटारीला हात लावला तो आशीर्वाद दिल्यासारखा.

मग साहेबांनी पिशवी नानांच्या हातात दिली, बाह्या वर सारल्या आणि खांदा लावला. मधली आली, थोरली आली.

"चाकं डावीकडे तोड," नाना सुकाणूवर बसलेल्या ताईला ओरडले. "डावीकडे! तुझं डावं कुठलं ते अजून ठरलं नाही का? हां. आता सगळे मिळून. ओढा गं बाई श्वास... लावा!"

मोटार गेली. गोठ्याच्या भिंतीला जाऊन टेकली आणि तिथेच राहिली. ड्रायव्हरने बस मागे घेतली, तोंड फिरवलं, एका झटक्यात वळवली. नानांनी काठीने जमिनीवर ठोकलं. त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच वर्षांत कुणी न पाहिलेलं काहीतरी होतं. मधलीने पाहिलं आणि नजर काढून घेतली.

*

कप पुरले. बस सुटायला अजून वेळ होता, म्हणून ड्रायव्हर आणि कंडक्टरही ओट्यावर चहा घेत होते. साहेब खुर्चीत बसले, घाम पुसला आणि घरातल्या प्रत्येकाकडे एकदा बघितलं.

"गावात शर्ट मात्र सगळ्यांना एकाच मापाचा होतो," ते म्हणाले.

थोरल्याने आपल्या पट्ट्यांकडे पाहिलं. कुणी हसलं नाही, आणि मग थोरलीला हसू आवरेना. तिचं बघून मास्तरीणबाईंना. ताईचे कान लाल झाले.

"साहेब, चूक माझी," थोरला म्हणाला. "आम्ही इथे राहत नाही. मी नाही, बहीण नाही."

"अरे, तुला नुसतं उभं राहायला सांगितलं होतं!" ताई म्हणाली.

"बसल्यावर सुचलं."

"राहू द्या हो." साहेबांनी बशीत चहा ओतला. "अशी पाहणी मी काही पहिल्यांदा करत नाही. एका गावात मला एकच म्हातारा तीन घरांतून नमस्कार करायला बाहेर आला होता. मला तुमची लबाडी पकडायची नाही. मोटार ढकलायला किती माणसं धावली, ते मी पाहिलं. तेवढी माझी मोजणी झाली." त्यांनी बशी खाली ठेवली. "पण वरती भांडायला मला एक गोष्ट पुरते. रोज ह्या गाडीने जाणारा एक माणूस. ज्याचं पोट ह्या गाडीवर आहे असा. तसा एक जरी असला, तरी मी सांगू शकतो, की बाबांनो, वर्षभर तरी हात लावू नका. कोण आहे तसं?"

"ह्या आहेत की," ड्रायव्हर ओट्यावरून म्हणाला. "मधल्या वहिनी. पावसात, उन्हात, कधी चुकल्या नाहीत. कितीदा तर मी आणि त्या दोघंच."

सगळ्यांचे चेहरे मधलीकडे वळले आणि सगळ्यांचेच उजळले. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. सुईण म्हणाली, "पोर गुणाची आहे हो." मधली किटली धरून भिंतीशी उभी होती. तिला वाटलं, एवढ्या प्रेमाने तिच्याकडे सगळ्यांनी मिळून कधी पाहिलं नव्हतं.

"बाई, कुठे जाता कामाला?"

"चष्म्याच्या दुकानात," थोरला म्हणाला. "काचा घासते. फार नाव आहे तिचं."

"गाडी बंद झाली तर कठीणच होईल तुम्हाला."

"कठीण? अहो, नोकरीच जाईल," ताई म्हणाली. "आणि नानांचं सगळं तीच बघते. सकाळचं करून जाते, संध्याकाळी येऊन करते. गाडी आहे म्हणून हे घर चाललं आहे, साहेब."

"आणि तिलाही इथेच आवडतं," थोरली म्हणाली. म्हणाली आणि थांबली, कारण सकाळी कप पुसताना मधलीचं "नाही करत" तिने ऐकलं होतं. ते आत्ता तिला पुन्हा ऐकू आलं. ती जावेकडे बघू लागली. "म्हणजे... आवडतं ना गं तुला?"

मधलीने किटलीचं झाकण नीट बसवलं.

"मला हे तुमच्या तोंडून हवं आहे," साहेब मधलीला म्हणाले. "मी वर शब्द देणार, म्हणून विचारतो. येतं वर्षभर तुम्ही ह्या गाडीने जाणार-येणार ना?"

"जाणार म्हणजे काय!" थोरला म्हणाला.

"वर्ष कशाला, पुढेही," ताई म्हणाली. पण तिने मधलीकडे पाहिलं नाही. तिने नानांच्या खांद्यावरची नसलेली धूळ झटकली.

"तिला बोलू द्या रे," नाना म्हणाले. "साहेब तिला विचारताहेत. तुम्ही कसली तिकिटं फाडताय मध्ये मध्ये?"

मास्तरीणबाईंचे औषधाचे दिवस ह्या गाडीवर होते, हे मधलीला माहीत होतं. सुईणीची लेक ह्याच गाडीने यायची. एक "हो" म्हटलं की झालं. वर्षभर सगळ्यांचं झालं. तोंडाशी आलाही होता तो होकार. इतकी वर्षं तो इतक्या वेळा आला होता, की त्याला वाट माहीत होती. तिने किटली खाली ठेवली.

"नाही, साहेब," ती म्हणाली.

"अगं..." ताई म्हणाली.

"वन्सं, तुम्हाला मी सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, आधी गाडीचं होऊ दे." तिचा आवाज बारीक होता पण तुटला नाही. "साहेब, मास्तरांसाठी गाडी ठेवता आली तर ठेवा. माझ्या नावावर नको. मी दुकानावरच्या खोलीत राहायला जाणार आहे. गाडी बंद झाली तरी, आणि चालू राहिली तरी."

थोरला उठून उभा राहिला. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं, म्हणून नुसताच उभा राहिला. थोरलीने त्याची बाही धरली. नाना मधलीकडे बघत होते, आणि तिने बसवून दिलेल्या चष्म्यातून त्यांना ती अगदी स्वच्छ दिसत असली पाहिजे, कारण त्यांनी मान हलवली. होय म्हणून की समजलं म्हणून, ते कळायला मार्ग नव्हता.

मधलीने त्यांच्याकडे पाहिलं, मग थोरल्याकडे, मग ताईकडे.

"नानांना एकटं राहता येत नाही," ती म्हणाली. "आता तुमच्यापैकी कुणीतरी त्यांना घेऊन जा."